रानातले औषध, गोठ्यातले औषध : मसाई समाजाची वनौषधी-परंपरा



केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग यांना जोडणाऱ्या पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात पिढ्यानपिढ्या गुरे राखणारा मसाई समाज जगाला माहीत आहे तो लाल वस्त्र पांघरून भाला घेऊन उभ्या असलेल्या तरुणांच्या छायाचित्रांमुळे. त्या छायाचित्रात तरुणाच्या मागे काही झुडपे असतात, एखादे काटेरी झाड असते, आणि पाहणाऱ्याच्या लेखी ती केवळ पार्श्वभूमी असते. मसाई माणसाच्या लेखी मात्र त्या प्रत्येक झाडाला नाव असते, त्याच्या सालीला चव असते, मुळाला उपयोग असतो आणि तो उपयोग कोणासाठी, कोणत्या वेळी, कशात कालवून करायचा याचे शास्त्र असते. आजच्या व्याख्यानाचा विषय हे शास्त्र आहे.

विषयाची मांडणी चार भागांत होईल. मसाईंच्या जीवनात औषध अन्नात कसे मिसळलेले असते, हा पहिला भाग. हे ज्ञान माणसे आणि गुरे यांच्यात कसे वाटलेले आहे आणि समाजात ते कोणाकडे असते, हा दुसरा. प्रयोगशाळेला या वनस्पतींत काय सापडले आणि काय निसटले, हा तिसरा. आणि हे ज्ञान ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीचे काय झाले, हा चौथा. या चारही भागांतून एकच सूत्र जाते, ते आरंभीच सांगितलेले बरे : मसाईंचे औषध त्यांच्या अन्नापासून, गुरांपासून आणि भूमीपासून वेगळे काढता येत नाही, आणि ते वेगळे काढून जपण्याचा प्रत्येक प्रयत्न त्याचा जीव काढून घेतो.

प्रथम अन्नाचा विचार करू. मसाई हे मा भाषा बोलणारे लोक असून ही भाषा नाईल नदीच्या खोऱ्यातील नायलोटिक भाषाकुलात मोडते. त्यांचा परंपरागत आहार म्हणजे दूध, मांस, चरबी आणि प्रसंगी जिवंत गुराच्या मानेच्या शिरेतून, गुराला न मारता काढलेले रक्त. आज मक्याच्या पिठाने या आहारात मोठी जागा घेतली असली, तरी परंपरेने शेती हा त्यांचा व्यवसाय नव्हता आणि पालेभाजीला त्यांच्या जेवणात स्थान नव्हते. मग ज्या समाजाच्या जेवणात भाजी नाही, त्याच्या आहारात वनस्पतीच नाही, असा निष्कर्ष काढावा काय? बाहेरून आलेल्या अनेक निरीक्षकांनी तो काढला आणि तो चुकीचा ठरला. मसाईंच्या आहारात वनस्पती येते ती सालीच्या, मुळीच्या आणि धुराच्या रूपाने.

मांस आणि हाडे उकळून केलेल्या रश्शाला मसाई ‘मोतोरी’ म्हणतात. हा रस्सा साधा पीत नाहीत. त्यात झाडांच्या साली आणि मुळ्या उकळतात, त्यामुळे तो गडद, तुरट आणि कडवट होतो. या सालींत अग्रस्थान आहे ‘ओलकिलोरिती’ या झाडाला. मराठी श्रोत्यांना हे झाड परके नाही, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ओलकिलोरिती म्हणजे आपली बाभूळच. महाराष्ट्रात जिच्या काडीने पिढ्यांनी दात घासले आणि जिच्या सालीने चामडे कमावले, तीच जाती मसाई तरुणाच्या रश्शात पडते. तिच्यामुळे भरपूर मांस पचते, अंगात रग येते आणि भीती जाते, अशी त्यांची धारणा आहे. दुसरी वनस्पती ‘ओलामुरियाकी’. ही करवंदाच्याच वंशातील काटेरी जाळी असून तिच्या मुळ्या रश्शात उकळतात. तिसरी ‘ओलोइसुकी’, जी कोकणात आणि गोव्यात माशाच्या आमटीत पडणाऱ्या तिरफळाचे सख्खे भावंड आहे. तिची फळे आणि साल खोकल्यावर आणि तापावर वापरतात. बाभूळ, करवंद, तिरफळ : हिंदी महासागराच्या दोन तीरांवर झाडांची घराणी तीच, आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्यांना आपापल्या गरजेप्रमाणे कामाला लावले.

दुधाच्या बाबतीतही हेच दिसते. दूध साठवण्यासाठी मसाई स्त्रिया वाळलेल्या दुधी भोपळ्याचे भांडे वापरतात. ते धुण्याची त्यांची रीत अशी की रानटी ऑलिव्हच्या, म्हणजे ‘ओलोइरिएन’ या झाडाच्या जळत्या काडीचा निखारा भांड्याच्या आतून फिरवायचा आणि मग राख व कोळसा झटकून टाकायचा. या धुरीमुळे भांडे स्वच्छ राहते, दूध लवकर नासत नाही आणि त्याला एक खास वास येतो. अशा भांड्यात आपोआप आंबलेल्या दुधाला ‘कुले नाओतो’ म्हणतात, आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ते तपासले तेव्हा दह्याशी नाते सांगणारे लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू त्यात प्रामुख्याने आढळले. आता हे भांडे धुणे झाले, की दूध टिकवणे झाले, की आरोग्य राखणे झाले? मसाई स्त्रीला ही विभागणी करण्याची गरजच पडत नाही, कारण तिन्ही कामे एकाच हातवळणीने होतात.

अन्न आणि औषध यांचा हा मेळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘ओलपुल’ या प्रथेत. ‘मोरान’ म्हणजे दीक्षाविधी होऊन योद्धावयात आलेले तरुण. हे तरुण एखादा बैल घेऊन वस्तीपासून दूर, झाडीत आणि पाण्याजवळ तळ ठोकतात, काही दिवस किंवा काही आठवडे तिथे राहतात, मांस खातात आणि औषधी सालींचा रस्सा पितात. ओलपुल ही मेजवानी आहे, आरोग्यधाम आहे आणि शाळाही आहे. मेजवानी यासाठी की भरपेट मांस तिथेच मिळते. आरोग्यधाम यासाठी की आजारातून उठलेल्या माणसालाही ताकद भरून येण्यासाठी तिथे नेतात. आणि शाळा यासाठी की कोणते मूळ किती खणायचे, कोणती साल किती वेळ उकळायची, कोणती जास्त झाली तर पोट बिघडते, हे धाकटा मोरान थोरल्याच्या शेजारी बसून शिकतो. तिथे पुस्तक नसते आणि परीक्षा नसते; परंतु चूक झालीच तर ती प्रथम स्वतःच्या पोटाला कळते, आणि इतका कडक परीक्षक कोणत्या विद्यापीठात आहे?

मांसाहाराबरोबर येणाऱ्या व्याधीवरचा उपायही याच परंपरेत आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोमांसातून पट्टकृमी, म्हणजे आतड्यात वाढणारा फितीसारखा लांब जंत, माणसाच्या शरीरात शिरतो. त्यावर मसाई दोन वनस्पती वापरतात. एक ‘ओलमुकुतान’, जी आपल्या शिरीषाच्या वंशातील असून तिच्या सालीचा काढा जंत पाडतो आणि जोराचा रेच देतो. दुसरी ‘ओसेकेतेकी’ नावाचे झुडूप, ज्याची बारीक फळे जंतांवर दिली जातात. या दुसऱ्या वनस्पतीचे भारताशी नाते अधिक जवळचे आहे : तीच जाती हिमालयातही उगवते, आणि आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून नावाजलेल्या वावडिंगाच्या जागी तिची फळे भारतीय बाजारात विकली जातात. दोन्हींच्या फळांत एम्बेलिन हे एकच द्रव्य सापडते. दोन समाजांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच उपायापर्यंत पोचावे, ही गोष्ट त्या निरीक्षणांच्या खरेपणाची साक्ष आहे.

दुसरा भाग ज्ञानाच्या वाटणीचा. मसाई वैद्यकाचा रुग्ण कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर येते : माणूस आणि गुरे, दोघेही. ‘ओलतिकाना’ हे नाव मसाई गुरांच्या एका जीवघेण्या तापाला देतात, जो गोचिडीमुळे पसरतो आणि पशुवैद्यकात ईस्ट कोस्ट फीव्हर म्हणून ओळखला जातो. आणि माणसाच्या हिवतापालाही ते हेच नाव देतात. कारणे भिन्न असली तरी लक्षणांवरून आजारांची सांगड घालण्याची ही पद्धत गुराख्याच्या नजरेतून तयार झाली आहे. हीच नजर इतरत्र थेट विज्ञानाशी जुळते. नू नावाच्या रानटी हरणवर्गीय प्राण्यांचे कळप ज्या दिवसांत वितात, त्या दिवसांत मसाई आपली गुरे त्या कुरणांपासून दूर नेतात, कारण तिथे चरलेली गुरे एका विशिष्ट रोगाने मरतात असा त्यांचा पिढ्यांचा अनुभव आहे. नूची वासरे ज्याचा प्रसार करतात असा विषाणू पुढे शास्त्रज्ञांना सापडला, तेव्हा त्या सावधगिरीमागचे कारण उमगले. औषध देण्याच्या आधी रोग टाळणे, आणि रोग टाळण्यासाठी चराईचा मार्ग बदलणे, हाही या वैद्यकाचा भाग आहे.

हे ज्ञान समाजात कोणाकडे असते? मसाईंमध्ये ‘लाइबोन’ नावाचे विधिज्ञ आणि भविष्यवेत्ते असतात. शाप, अरिष्ट, अवर्षण, आजारामागचे अदृश्य कारण, अशा बाबतींत लोक त्यांच्याकडे जातात. यावरून सारे वैद्यक लाइबोनच्या हाती आहे असा समज होणे सोपे आहे, परंतु नित्याच्या झाडपाल्याचे ज्ञान सर्वसामान्य माणसांत पसरलेले आहे. बाळाला काय द्यावे, बाळंतिणीला मेंढीची चरबी आणि कोणता काढा द्यावा, हे आयांना आणि सुइणींना ठाऊक असते. गुरांचे औषध गुराख्याला ठाऊक असते. रश्शाच्या साली मोरानला ठाऊक असतात. शिवाय जनावर कापण्याच्या सततच्या सवयीमुळे काळीज, फुप्फुस, प्लीहा, आतडी यांची निरोगी आणि रोगट रूपे ओळखण्याची नजर सामान्य माणसाकडेही असते. ज्या समाजात वैद्य हा स्वतंत्र वर्ग नाही, तिथे वैद्यक नाही असे म्हणणे म्हणजे घराघरांत स्वयंपाक होत असताना गावात खानावळ नाही म्हणून लोक उपाशी आहेत असे म्हणण्यासारखे आहे.

आता तिसरा भाग : प्रयोगशाळेला काय सापडले? इथे एक प्रसिद्ध वैज्ञानिक कोडे समोर येते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जॉर्ज मान यांनी तेव्हाच्या टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, मसाईंची तपासणी करून १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दूध आणि मांस यांवर जगणाऱ्या, म्हणजे प्राणिज चरबी भरपूर खाणाऱ्या या लोकांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी होते आणि हृदयविकाराची चिन्हे विरळ होती. १९७२ मध्ये ५० मसाई पुरुषांच्या शवविच्छेदनावर आधारलेल्या अभ्यासात मान यांना असे दिसले की धमन्यांच्या भिंतींत चरबी साचली होती, परंतु धमन्या रुंद असल्याने रक्तप्रवाह अडला नव्हता. असे का? मान यांनी श्रेय दिले ते मैलोन्‌मैल चालण्याच्या शारीरिक श्रमाला. १९७१ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासगटाने सुचवले की आहारातून कोलेस्टेरॉल आले की स्वतः ते कमी तयार करण्याची मसाई शरीराची क्षमता विशेष आहे. आणि पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे टिमोथी जॉन्स यांनी लक्ष वेधले ते रश्शातल्या सालींकडे.

जॉन्स यांचा युक्तिवाद समजण्यासाठी सॅपोनिन म्हणजे काय ते पाहावे लागेल. सॅपोनिन ही पाण्यात फेस आणणारी वनस्पतिज द्रव्ये होत. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस त्यांच्यामुळेच येतो. ही द्रव्ये आतड्यात कोलेस्टेरॉलला बांधून ठेवू शकतात, त्यामुळे ते रक्तात कमी शोषले जाते. मसाई आणि त्यांचे शेजारी बातेमी लोक रश्शात आणि दुधात ज्या साली व मुळ्या घालतात, त्यांपैकी अनेकांत सॅपोनिन आणि फिनॉल वर्गातील तुरट द्रव्ये जॉन्स व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळली. म्हणजे कडवट साल ही चरबीयुक्त आहाराची जोडीदार असू शकते. श्रम, शरीरधर्म आणि साल या तिन्ही स्पष्टीकरणांत वाद आहे, आणि कोणतेही एक पुरेसे नाही. परंतु या वादातून एक गोष्ट निश्चित झाली : ज्या वनस्पतीला औषधाच्या कपाटात शोधायचे होते, ती स्वयंपाकाच्या भांड्यात होती.

दुसरे उदाहरण ‘ओसोकोनोई’ या वृक्षाचे. त्याची साल मिऱ्यासारखी तिखट असते आणि सर्दी, खोकला, ताप, दातदुखी यांवर ती चघळतात किंवा उकळून पितात. १९७६ मध्ये इसाओ कुबो आणि कोजी नाकानिशी या रसायनशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतील या वंशाच्या वृक्षांतून वारबर्गानाल नावाचे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पिके फस्त करणारी लष्करी अळी या द्रव्याच्या स्पर्शाने पान खाणे थांबवते. झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेले तिखट द्रव्य माणसाने जिभेने ओळखले आणि स्वतःच्या बचावासाठी वापरले. ओसोकोनोईची सारी कथा या एका वाक्यात येते.

परंतु प्रयोगशाळेतील पुरावा आणि बाजारातील दावा यांत अंतर असते, आणि ते अंतर विसरले की काय होते याचे उदाहरण दूरचे नाही. २०११ मध्ये टांझानियातील लोलिओंदो भागातल्या सामुंगे या गावी अंबिलिकिले म्वासापिले या निवृत्त लूथरन धर्मगुरूंनी एका मुळीचा काढा ५०० शिलिंगांना पेलाभर या दराने लोकांना दिला. एकदाच प्यावे आणि एड्स, मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग जावेत, असा त्यांचा दावा होता. हजारो लोक आले, वाहनांच्या रांगा कित्येक किलोमीटर लांबल्या. ती मुळी कोणती होती? करवंदाच्या वंशातलीच, मसाई ज्या झुडपाला ओलामुरियाकी म्हणतात त्याची. मसाईंनी तिच्यापासून कधी हे मागितले नव्हते. रश्शात, मांसाबरोबर, इतर सालींच्या संगतीत, पुन्हा पुन्हा आणि थोडी थोडी, अशी तिची जागा होती. तिला त्या जागेवरून उपटले, एका पेल्यात एकटीला बसवले आणि तिच्यावर अशक्य ओझे टाकले. चालू उपचार सोडून तिथे गेलेल्या रुग्णांचे नुकसान झाले. परंपरेची कड घेणाऱ्यांनी हे ठामपणे सांगितले पाहिजे, कारण परंपरेचा आदर म्हणजे तिच्या नावावर केलेल्या प्रत्येक दाव्याला मान्यता, असा अर्थ होत नाही.

चौथा भाग भूमीचा आणि हक्काचा, आणि श्रोतेहो, सर्वांत निकडीचाही. साल झाडावर असते, झाड रानात असते, आणि रानात जाण्याचा हक्क कोणाला आहे हे कायदा ठरवतो. ब्रिटिश सत्तेने १९०४ आणि १९११ च्या करारांनी केनियातील मसाईंना लाइकिपियासह उत्तरेकडील उत्तम कुरणांतून हलवून दक्षिणेत कोंडले. १९५९ मध्ये टांगानिकातील सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानातून मसाईंना बाहेर पडावे लागले आणि त्यांच्यासाठी न्गोरोन्गोरो हा प्रदेश ठरवण्यात आला; त्याच न्गोरोन्गोरोतून २०२२ पासून त्यांना शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेरा या गावी हलवले जाऊ लागले. नव्या ठिकाणी घर मिळेल, जमीनही मिळेल. परंतु तिथल्या झाडांची ओळख असलेली आजी कोठून मिळणार?

केनियातील समाईक कुरणांचे खासगी तुकडे झाल्यावर कुंपणे आली, आणि ज्या झाडाकडे पूर्वी वाटेवरून जाता येत होते ते दुसऱ्याच्या मालकीचे झाले. बाजाराचा दाब वेगळाच. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरी रानातल्या आफ्रिकन चेरीची साल पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावर युरोपात खपू लागली आणि झाडे इतकी सोलली गेली की १९९५ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. मसाई ज्याला ‘ओलोसेसियाई’ म्हणतात त्या चंदनकुलातील झाडाचीही तीच गत झाली. सुगंधी तेलासाठी ते मुळासकट उपटून चोरटेपणाने नेले जाते. घरच्या रश्शासाठी सालीचा एक तुकडा काढणारा आणि पोती भरण्यासाठी खोड चहूबाजूंनी सोलणारा, या दोघांना एकाच नियमाने रानाबाहेर ठेवणे हा न्याय आहे काय?

याउलट उदाहरणही आहे. केनियातील लोइटा डोंगरावर ‘नाइमिना एन्कियो’, म्हणजे हरवलेल्या मुलीचे रान, या नावाचे जंगल आहे. १९९० च्या दशकात ते पर्यटनासाठी राखीव करण्याचा घाट स्थानिक प्रशासनाने घातला, तेव्हा लोइटा मसाईंनी संघटितपणे विरोध केला. त्यांच्या लेखी ते रान म्हणजे दुष्काळातले कुरण, पूजेचे स्थान, ओलपुलची जागा आणि औषधाचे कोठार होते. यांपैकी एकच उपयोग राखून बाकीचे सोडता आले नसते.

ज्ञानाच्या हक्काचा प्रश्न मराठी माणसाला परिचयाचा आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. त्या लढ्यात लिखित ग्रंथांचा पुरावा कामी आला. मसाईंकडे असा ग्रंथ नाही. त्यांचा ग्रंथ ओलपुलमध्ये तोंडी वाचला जातो. म्हणून २०१० चा नागोया करार, जो ज्ञानधारक समाजाची संमती आणि लाभातला वाटा मागतो, आणि केनियाचा २०१६ चा पारंपरिक ज्ञानसंरक्षण कायदा, यांचे महत्त्व त्यांच्यासाठी अधिक आहे. नोंदी हव्यातच; नैरोबीचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कोक्वारो यांनी पूर्व आफ्रिकेच्या औषधी वनस्पतींवर १९७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून हे काम पुढे नेले. पण ग्रंथात झाडाचे नाव टिकते. ते झाड कधी सोलावे आणि कधी सोडून द्यावे हे कळण्यासाठी मुलाला थोरल्यांबरोबर रानात जायला मिळावे लागते.

सारांश असा. मसाईंचे औषध अन्नात आहे, म्हणून त्यांचा आहार समजून घेतल्याशिवाय ते समजत नाही. ते गुरांमध्ये आणि साऱ्या समाजात वाटलेले आहे, म्हणून एखाद्या वैद्याची मुलाखत घेऊन ते संपत नाही. विज्ञानाने त्याची कसोटी घ्यावी, कारण कसोटीने त्याचे खरे मोल वाढते आणि खोट्या दाव्यांपासून ते सुरक्षित राहते. आणि ते भूमीत आहे, म्हणून भूमी काढून घेऊन ते वाचवता येत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने मसाई पुरुषांच्या तीन दीक्षाविधींना तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु ज्या तरुणाला दीक्षेनंतर गुरे घेऊन जायला रानच उरले नसेल, त्याला त्या यादीचा काय उपयोग? मसाईंच्या वनौषधींविषयी ज्यांना खरी आस्था आहे त्यांनी झाडांच्या याद्या जरूर कराव्यात, द्रव्ये जरूर शोधावीत. पण त्या याद्या ज्यांच्या तोंडून आल्या, त्यांच्या चराईच्या आणि रानाच्या हक्काच्या बाजूने उभे राहणे हे त्या संशोधनाचे पहिले ऋण आहे, आणि ते फेडल्याशिवाय पुढचे कोणतेही पाऊल न्याय्य ठरणार नाही.